पारणे नसलेला उपवास

बिदर आणि कलबुर्गी या सीमावर्ती जिल्ह्यांतील मराठी समाजाला भूक दोन रूपांत पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. एक दुष्काळाची भूक, जी १९७२ च्या अवर्षणातून गेलेल्या वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात आजही येते आणि जिच्या आठवणीमुळे ताटात अन्न टाकणे या भागात अपराध मानले जाते. आणि दुसरी व्रताची भूक, जी गुरुवारी दत्तासाठी, मार्गशीर्षात महालक्ष्मीसाठी, नवरात्रात तुळजाभवानीसाठी, आणि शेजारच्या मुस्लिम घरांत रमजानच्या रोज्यांसाठी स्वखुशीने पत्करली जाते. या दोन्ही भुकांचे कारण सर्वांना माहीत असते, त्यांना समाजात मान असतो आणि त्यांना शेवट असतो, कारण दुष्काळानंतर पाऊस येतो आणि व्रतानंतर पारणे होते. गेल्या काही दशकांत महाविद्यालये, वसतिगृहे आणि शिकवणी वर्ग यांच्याभोवती एक तिसरी भूक उभी राहिली आहे. ताट समोर असते, पोटात भूक असते, कोणतेही व्रत घेतलेले नसते, आणि तरीही विद्यार्थी अर्धी भाकरी मोडून उठतो, कारण आपण कुठेतरी कमी पडत आहोत आणि निदान जेवणावर तरी आपला पूर्ण ताबा असला पाहिजे, असे त्याला आतून वाटत असते. या भुकेला घरात नाव नाही, आणि नाव नसल्यामुळे ती बहुधा पित्त, अशक्तपणा किंवा अभ्यासाचा ताण म्हणून खपून जाते.

मानसशास्त्रात या अवस्थेच्या दोन पायऱ्या मानल्या जातात. पहिली विस्कटलेल्या आहारवर्तनाची, म्हणजे जेवणे टाळणे, खाण्याविषयी कठोर नियम करणे, नियम मोडला की अपराधी वाटणे, कधी एकाच वेळी ताबा सुटल्यासारखे खाणे, आणि त्या खाण्याची भरपाई म्हणून उलटी काढणे, जुलाबाच्या गोळ्या घेणे किंवा थकून पडेपर्यंत व्यायाम करणे. दुसरी पायरी आहारविकाराची, म्हणजे हेच वर्तन इतके पक्के होणे की शरीर, अभ्यास आणि नाती यांची हानी होऊ लागते आणि वैद्यकीय निदान करावे लागते. पहिल्या पायरीवर असलेले सगळेच विद्यार्थी दुसरीवर जात नाहीत. परंतु दुसरीवर पोचलेले बहुतेक जण पहिलीवरूनच गेलेले असतात, आणि मदत सर्वांत सोपी असते तीही तिथेच.

ॲनोरेक्सिया नर्व्होसा, म्हणजे स्वतःला उपाशी ठेवून शरीर धोकादायक मर्यादेपर्यंत वाळवणारा विकार, याचे वैद्यकीय वर्णन १८७३ मध्ये लंडनचे विल्यम गल आणि पॅरिसचे शार्ल लासेग यांनी स्वतंत्रपणे केले. अति खाणे आणि नंतर ते बाहेर काढणे असे चक्र असलेल्या बुलिमियाचे नामकरण जेराल्ड रसेल यांनी १९७९ मध्ये केले, तर भरपाईशिवाय होणाऱ्या अतिभक्षणाला अमेरिकन मनोविकार वर्गीकरणाने २०१३ मध्ये स्वतंत्र निदानाचा दर्जा दिला. पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकांत या विकारांच्या मुळाशी जाड होण्याची भीती आहे असे दीर्घकाळ मानले गेले, आणि त्यामुळे श्रीमंत, शहरी, मासिकांतील मॉडेल पाहून वाढलेल्या मुलींचा आजार अशी त्यांची प्रतिमा बनली. ही प्रतिमा भारतात फार नुकसान करून गेली. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील खंडेलवाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये काही तरुण स्त्रियांच्या केसेस प्रसिद्ध केल्या, तेव्हा त्या स्त्रिया खात नव्हत्या आणि त्यांचे वजन घटले होते, पण जाड होण्याची भीती किंवा आपले शरीर आहे त्याहून मोठे दिसण्याचा भ्रम त्यांच्यात ठळकपणे आढळत नव्हता. हाँगकाँगमध्ये सिंग ली यांनी नव्वदच्या दशकात नेमके हेच नोंदवले होते: तिथल्या अनेक रुग्ण मुली पोट फुगते, भूक नाही, खाववत नाही अशी कारणे देत, लठ्ठपणाचा उल्लेखही करीत नसत. कारण वेगळे सांगितले गेले तरी उपासमार तीच होती.

भारतातील विद्यार्थ्यांमध्येही हे वर्तन नवे राहिलेले नाही. चेन्नईमध्ये श्रीनिवासन आणि सहकाऱ्यांनी नव्वदच्या दशकात वैद्यकीय विद्यार्थ्यांचा अभ्यास करून खाण्याशी निगडित अस्वस्थतेचे एक सौम्य पण स्पष्ट रूप दाखवून दिले. म्हैसूरमधील १६०० विद्यार्थ्यांच्या, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सुमारे २६ टक्के जणांमध्ये आहारविकाराकडे झुकणारी लक्षणे प्रश्नावलीवर आढळली. प्रश्नावलीवरचा कल म्हणजे निदान नव्हे, हे अशा आकड्यांपुढे नेहमी लक्षात ठेवावे लागते. तरीही चारांतील एक हे प्रमाण कोणत्याही प्राचार्याला किंवा वॉर्डनला विचार करायला लावणारे आहे, आणि ते कर्नाटकातलेच आहे.

या दोन जिल्ह्यांची शैक्षणिक घडण समजल्याशिवाय इथल्या विद्यार्थ्यावरचा दाब समजत नाही. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत जुना बिदर जिल्हा तीन राज्यांत विभागला गेला. उदगीर, निलंगा आणि अहमदपूर तत्कालीन मुंबई राज्यात गेले, जहिराबाद आणि नारायणखेड आंध्र प्रदेशात गेले, आणि बिदर, भालकी, हुमनाबाद, औराद हा भाग म्हैसूर राज्यात आला. भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या तालुक्यांतील पुष्कळ घरांत आजही मराठी बोलली जाते, आणि तिथल्या मराठी शाळेतून निघालेल्या मुलाला दहावीपर्यंत कन्नड ही राज्यभाषा सांभाळून पुढे पीयूसीत, म्हणजे अकरावी-बारावीत, विज्ञान एकदम इंग्रजीतून शिकावे लागते. घरची भाषा एक, कार्यालयाची दुसरी आणि परीक्षेची तिसरी, अशा स्थितीत आपण इतरांपेक्षा एक पाऊल मागे सुरुवात करतो ही भावना वयाच्या सोळाव्या वर्षीच रुजते. त्यातच नातेवाईक सीमेच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे तुलनाही दोन राज्यांशी होते: पलीकडे, वारंवार चाचण्या घेऊन गुण वाढवणारा लातूर पॅटर्न, तर अलीकडे बंगळूर-धारवाडची मुले.

शिक्षणाच्या संधी या भागात उशिरा आल्या आणि आल्या तेव्हा वेगाने आल्या. कलबुर्गीत महादेवप्पा रामपुरे वैद्यकीय महाविद्यालय १९६३ पासून असले तरी गुलबर्गा विद्यापीठ १९८० मध्ये स्थापन झाले, आळंद तालुक्यातील कडगंची येथे केंद्रीय विद्यापीठ २००९ मध्ये आले आणि बिदर विद्यापीठ स्थापन व्हायला २०२३ साल उजाडले. १९८९ मध्ये सुरू झालेल्या शाहीन शिक्षणसमूहामुळे बिदरचे नाव नीट या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या तयारीसाठी देशभर पोचले आणि शहरात बाहेरगावच्या विद्यार्थ्यांची मोठी वस्ती झाली. संविधानाच्या ९८ व्या दुरुस्तीने आलेल्या अनुच्छेद ३७१ (जे) मुळे या प्रदेशातील विद्यार्थ्यांना स्थानिक संस्थांत मोठ्या प्रमाणावर आणि राज्यातील इतर संस्थांत ८ टक्के आरक्षण मिळाले, ज्याने हजारो घरांत पहिला डॉक्टर, पहिला इंजिनिअर घडवला. ही सारी कमाई खरी आहे आणि तिचे श्रेय कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु घराण्यातील पहिला उच्चशिक्षित होणे म्हणजे एका जिवावर साऱ्या कुटुंबाची आशा ठेवली जाणेही असते. २०२४ मध्ये नीटसाठी सुमारे २४ लाख विद्यार्थ्यांनी नोंदणी केली होती आणि एमबीबीएसच्या जागा लाखाहून थोड्याच अधिक होत्या. या गणितात बहुसंख्य मुले कितीही अभ्यासू असली तरी बाहेर राहणारच, आणि त्यांतील प्रत्येकाला मात्र ते आपले वैयक्तिक अपयश वाटणार.

इथेच परिपूर्णतेच्या अट्टाहासाचा, म्हणजे ज्याला रोजच्या बोलण्यात परफेक्शनिझम म्हणतात त्याचा, संबंध येतो. चांगले काम करण्याची इच्छा आणि हा अट्टाहास यांत फरक आहे, आणि ऑक्सफर्डमधील रोझ शाफ्रान, झाफ्रा कूपर आणि ख्रिस्तोफर फेअरबर्न यांनी २००२ मध्ये तो नेमका मांडला. त्यांच्या मते ज्या माणसाची स्वतःविषयीची किंमत जवळजवळ संपूर्णपणे कठोर मापदंड गाठण्यावर अवलंबून असते, आणि त्या मापदंडांची झळ सोसूनही जो ते सोडत नाही, तो माणूस या अट्टाहासाच्या पकडीत असतो. मापदंड गाठला तर तो पुरेसा कठीण नव्हता असे त्याला वाटते आणि तो वाढवला जातो. नाही गाठला तर आपणच नालायक ठरतो. कॅनडातील पॉल ह्यूइट आणि गॉर्डन फ्लेट यांनी १९९१ मध्ये या अट्टाहासाचे तीन प्रकार वेगळे केले होते: माणूस स्वतःकडून परिपूर्णतेची मागणी करतो, इतरांकडून करतो, किंवा इतर आपल्याकडून ती मागत आहेत असे मानतो. या तिसऱ्याला समाजाने लादलेली परिपूर्णता म्हणतात, आणि तीच सर्वांत घातक मानली जाते, कारण तिच्यात समाधानाचा निर्णय आपल्या हातात नसतोच. थॉमस करन आणि अँड्र्यू हिल यांनी अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटन येथील ४१ हजारांहून अधिक महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या १९८९ ते २०१६ या काळातील उत्तरांची तुलना केली, तेव्हा तिन्ही प्रकार वाढलेले दिसले, पण समाजाने लादलेल्या परिपूर्णतेची वाढ सर्वाधिक, सुमारे ३३ टक्के, होती. औराद किंवा आळंदहून आलेल्या मुलीला हे वाचून परदेशातली गोष्ट वाटण्याचे कारण नाही. गावातील प्रत्येक लग्नात, प्रत्येक बसथांब्यावर तिला किती टक्के पडले आणि आता कुठे नंबर लागला, हेच विचारले जाते.

या अट्टाहासाचे आहाराशी नाते अपघाताचे नाही. जर्मनीतून अमेरिकेत गेलेल्या मनोविकारतज्ज्ञ हिल्डे ब्रुख यांनी १९७८ च्या आपल्या पुस्तकात वर्णिलेल्या मुली हुशार, आज्ञाधारक, कधीही त्रास न देणाऱ्या होत्या, आणि आतून मात्र आपल्या आयुष्यातले काहीच आपल्या हातात नाही या जाणिवेने पोखरलेल्या होत्या. शरीर ही त्यांना उरलेली एकमेव सत्ता होती. फेअरबर्न यांच्या १९९९ च्या तुलनात्मक अभ्यासात ॲनोरेक्सिया होण्याआधीच्या बालपणात परिपूर्णतेचा ओढा आणि स्वतःविषयी नकारात्मक मत ही दोन लक्षणे विशेष ठळकपणे सापडली. निकाल विद्यापीठाच्या हातात असतो, प्रवेश समुपदेशन फेरीच्या हातात असतो, लग्न घराच्या हातात असते. तीन घास कमी खाणे मात्र पूर्णपणे स्वतःच्या हातात असते आणि त्याचे फळ काट्यावर दुसऱ्याच आठवड्यात दिसते. ज्या मुलाला किंवा मुलीला सहा महिने अभ्यास करूनही आपण पुढे गेलो की नाही ते कळत नाही, त्यांना एवढे तत्काळ आणि एवढे स्पष्ट यश दुसरीकडे मिळत नाही. म्हणूनच सीमाभागातील या विकाराचा शोध आरशापेक्षा गुणपत्रिकेजवळ घ्यावा लागेल, असे मानायला सबळ आधार आहे.

हे वर्तन दिसत का नाही, याचे उत्तर इथल्या जीवनक्रमात आहे. उपवासाला या भागात जो मान आहे तो त्याचे सर्वांत सोयीचे आवरण ठरतो. ज्या जिल्ह्यांतून कोजागरीच्या सुमारास असंख्य भाविक तुळजापूरला पायी जातात आणि ज्यांच्या कुशीत गाणगापूरसारखे दत्तक्षेत्र आहे, तिथे एखादी मुलगी सोमवार, गुरुवार, शनिवार आणि दोन्ही एकादश्या करते हे ऐकून कौतुकच होते. खऱ्या उपवासाची ओळख मात्र सोपी आहे. त्याला ठरलेला दिवस असतो, तो सोडण्याची ठरलेली वेळ असते, तो आजारपणात मोडता येतो, आणि पारण्याच्या ताटावर बसताना मन प्रसन्न असते. विकारातला उपवास दिवस वाढवत नेतो, आजारपणातही मोडू देत नाही, आणि फराळाच्या साबुदाण्याचेही दाणे मोजायला लावतो. दुसरे आवरण आरोग्याचे. वजन कमी करण्याच्या अनेक पद्धती गेल्या दशकात मोबाइलवरून मराठी घरांत पोचल्या. लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात काम केलेल्या डॉ. जगन्नाथ दीक्षित यांची दिवसातून दोनदाच जेवण्याची पद्धत तर घराघरांत चर्चेत आली. ती लठ्ठपणा आणि मधुमेहाचा धोका असलेल्या प्रौढांना उद्देशून सांगितलेली आहे. आधीच अशक्त असलेल्या अठरा वर्षांच्या मुलीने ती शिस्त म्हणून उचलली, तर तिचा अर्थ पूर्ण बदलतो, पण घरात सगळेच त्या पद्धतीबद्दल बोलत असल्यामुळे कोणाला वावगे वाटत नाही.

तिसरे आवरण दिनक्रमाचे आहे, आणि ते सर्वांत साधे असल्यामुळे सर्वांत दाट आहे. ११ जून २०२३ पासून कर्नाटकात शक्ती योजनेखाली स्त्रियांना साध्या सरकारी बसमधून मोफत प्रवास मिळू लागला आणि भालकी, हुमनाबाद, चिंचोळी, आळंद परिसरातील अनेक मुलींना गावात राहून शहरात शिकणे परवडू लागले. ही योजना मुलींच्या शिक्षणासाठी मोलाची आहे. अशा विद्यार्थिनीचा दिवस पहाटे सुरू होतो, भाकरी आणि शेंगाचटणीचा डबा घेऊन ती निघते आणि संध्याकाळी परतते. तो डबा तिने खाल्ला, मैत्रिणीला दिला की वाटेत रिकामा केला, हे घरी कळत नाही आणि महाविद्यालयात कोणी पाहत नाही. वसतिगृहात ‘बाहेर खाऊन आले’ आणि घरी ‘मेसमध्ये जेवले’ ही दोन वाक्ये एकमेकांना इतकी नीट झाकतात की महिनोन्‌महिने कोणाला शंकाही येत नाही. शंका आलीच तर ती रक्तक्षयावर जाते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. इतक्या सार्वत्रिक अशक्तपणात एका मुलीचे गळणारे केस, सतत वाजणारी थंडी, चक्कर आणि थांबलेली पाळी वेगळी उठून दिसत नाही. लोहाच्या गोळ्या दिल्या जातात, आणि त्या द्यायला हव्यातच, पण ताटावर काय घडते हे विचारले जात नाही.

मुलगे यातून सुटलेले नाहीत. पोलीस आणि सैन्यभरतीसाठी धावणारे, छाती-वजनाची मापे गाठणारे, कुस्तीच्या गटात बसण्यासाठी आदल्या दिवशी पाणी तोडणारे आणि व्यायामशाळेत दंडाचा घेर रोज मोजणारे तरुण हाच अट्टाहास वेगळ्या दिशेने जगतात. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ हॅरिसन पोप यांनी नव्वदच्या दशकात अशा शरीरसौष्ठवपटूंचा अभ्यास केला, ज्यांना पिळदार शरीर असूनही आपण किरकोळ आहोत असेच वाटत राहते. मुलगा जेवत नाही ही तक्रार घेऊन कोणी दवाखान्यात जात नाही, म्हणून त्यांची नोंद आणखी कमी होते.

उपासमार मनाचे काय करते याचा सर्वांत बोलका पुरावा दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस मिनेसोटा विद्यापीठात मिळाला. अँसेल कीज यांनी १९४४-४५ मध्ये ३६ निरोगी तरुणांवर प्रयोग केला. हे सगळे युद्धात शस्त्र धरायला नकार देणारे आणि त्याऐवजी मानवसेवा म्हणून स्वेच्छेने आलेले तरुण होते, शरीराच्या दिसण्याविषयी त्यांना काडीची चिंता नव्हती. सहा महिने त्यांचा आहार निम्म्याच्या आसपास आणण्यात आला आणि त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांश घटले. त्या काळात ते चिडचिडे, खिन्न आणि एकलकोंडे झाले. त्यांचे लक्ष अभ्यासात लागेना. ते दिवसभर अन्नाविषयीच बोलू लागले, पाककृती जमवू लागले, एकेक घास तासन्‌तास पुरवून खाऊ लागले, आणि काहींचा नियम मोडून खाताना ताबा सुटला. खाण्याविषयीचे हे वेड त्यांच्या स्वभावात आधी नव्हते, ते उपासमारीने निर्माण केले होते. आहार तोडून अभ्यासात एकाग्रता येईल असे मानणाऱ्या विद्यार्थ्याला सांगण्यासारखी याहून महत्त्वाची गोष्ट नाही: उपाशी मेंदू रसायनशास्त्राचा विचार करीत नाही, तो भाकरीचा विचार करतो.

त्यानंतर जे घडते ते पीटर हर्मन आणि डेबोरा मॅक यांनी १९७५ मध्ये महाविद्यालयीन मुलींवरील प्रयोगात दाखवले. ज्या मुली एरवी खाण्यावर बंधने घालीत नसत, त्यांनी आधी मिल्कशेक प्यायल्यावर नंतरचे आइस्क्रीम कमी खाल्ले. ज्या सतत बंधनात असत, त्यांनी उलट मिल्कशेकनंतर अधिक खाल्ले. दिवसाचा नियम मोडलाच आहे तर आता राखायचे काय, या विचाराने बांध फुटतो. मग अपराधीपणा, मग भरपाई, मग अधिक कडक नियम. सर्व काही किंवा काहीच नाही, अशी जी विचाराची रीत गुणांबाबत असते तीच ताटाबाबत चालू राहते, आणि म्हणून केवळ जास्त खा असा उपदेश या चक्रावर चालत नाही. चक्र फिरते ते स्वतःला दिल्या जाणाऱ्या शिक्षेवर, आणि तोडायचे असेल तर ते तिथेच तोडावे लागते.

टेक्सास विद्यापीठातील क्रिस्टिन नेफ यांनी २००३ मध्ये आत्मकरुणा, म्हणजे स्वतःविषयीची करुणा, या कल्पनेला मोजता येण्याजोगे रूप दिले. तिचे तीन घटक त्यांनी सांगितले: अपयशात स्वतःला फटकारण्याऐवजी ममतेने वागवणे, आपली चूक ही सर्व माणसांच्या वाट्याला येणाऱ्या चुकांपैकीच एक आहे हे ओळखणे, आणि दुःखाला न दडपता व न फुगवता सजगपणे पाहणे. इंग्लंडचे पॉल गिल्बर्ट यांनी याच दिशेने, शरम आणि आत्मनिंदा यांनी पिडलेल्या रुग्णांसाठी करुणाकेंद्री उपचारपद्धती घडवली, आणि पुढे ती आहारविकारांसाठीही वापरली गेली. आपल्याकडे या विचारावर पहिला आक्षेप येतो तो लाडावून ठेवण्याचा: स्वतःची कीव करणारा मुलगा अभ्यास करील कशाला? या आक्षेपाला उत्तर मिळालेले आहे. ज्युलियाना ब्राइन्स आणि सेरेना चेन यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात अवघड शब्दपरीक्षेत अपयश आलेल्या विद्यार्थ्यांपैकी काहींना स्वतःशी सौम्यपणे बोलायला सुचवले गेले, आणि पुढच्या परीक्षेसाठी त्यांनीच अधिक वेळ अभ्यास केला. ज्याला चूक पाहताना स्वतःचा तिरस्कार वाटत नाही, तो चुकीकडे अधिक वेळ पाहू शकतो. खाण्याबाबतही असेच दिसले. क्लेअर ॲडम्स आणि मार्क लिअरी यांच्या २००७ च्या प्रयोगात डोनट खाल्लेल्या, खाण्यावर बंधने घालणाऱ्या मुलींना, असे तर सगळेच खातात, स्वतःवर रागावू नका, एवढे दोन-तीन वाक्यांत सांगितले गेले. ज्यांना हे सांगितले त्यांनी नंतर ठेवलेल्या गोड पदार्थांवर, न सांगितलेल्यांसारखा ताव मारला नाही. करुणेने शिस्त मोडली नाही, उलट बांध फुटण्यापासून वाचवला.

या विचारासाठी सीमाभागाला परदेशाकडे पाहण्याची गरज फारशी नाही. बाराव्या शतकात बसवकल्याणात शरणांनी, म्हणजे बसवेश्वर आणि त्यांच्या सहकारी संतांनी, कायक आणि दासोह या दोन आचारांची जोडी घातली. कायक म्हणजे मनापासून केलेले काम, आणि दासोह म्हणजे त्या कामाचे फळ पंगतीत सर्वांना वाटणे. कलबुर्गीच्या शरणबसवेश्वरांची ओळखच महादासोही अशी आहे, आणि त्यांच्या स्थानी आलेल्याला जेवायला वाढण्याची परंपरा आहे. हुमनाबादजवळच्या माणिकनगरातही जात-धर्म न पाहता अन्नदान होते. अशा पंगतीत बसणाऱ्याला तू हे अन्न कमावले आहेस का, हा प्रश्न विचारला जात नाही; काम आपल्या जागी आणि जेवण आपल्या जागी. परिपूर्णतेच्या अट्टाहासाने नेमकी हीच जोडी उलटी बांधली आहे: आधी गुण मिळव, मग जेव. मार्गशीर्षाच्या अखेरीस वेळ अमावस्येला याच भागातील शेतकरी कुटुंबे शेतात जाऊन भज्जी, अंबील आणि उंडे मोकळ्या आभाळाखाली एकत्र खातात, शेजाऱ्यापाजाऱ्यांना आग्रहाने बोलावतात. त्या दिवशी वसतिगृहातून घरी आलेला विद्यार्थी पंगतीतून सबब सांगून उठत असेल, तर आईबापांनी निकालापेक्षा या गोष्टीची आधी चौकशी करावी.

चौकशी करतानाही रीत लागते. ‘किती वाळलीस’, ‘आता बरी दिसतेस’, ‘अंगाला लागत नाही का काही’ अशी मायेने बोललेली वाक्येही शरीराला पुन्हा मापात घालतात आणि ऐकणारी मनात आकडे मांडते. जेवण जात नाही का, ताटावर बसल्यावर काय वाटते, कशाची धास्ती आहे, असे विचारून उत्तर ऐकून घेणे अधिक उपयोगी ठरते. वजन फार घटले असेल, पाळी थांबली असेल, नाडी मंद झाली असेल, वारंवार उलट्या काढल्या जात असतील, तर समजुतीवर न थांबता रुग्णालय गाठले पाहिजे. उलट्यांमुळे रक्तातील पोटॅशियम घसरते आणि हृदयाची लय बिघडू शकते. आणि दीर्घ उपासमारीनंतर एकदम भरपेट खाऊ घालणेही जिवावर बेतू शकते, म्हणून आहार वैद्यकीय देखरेखीखाली टप्प्याटप्प्याने वाढवावा लागतो. जगभरातील अभ्यासांचा २०११ मध्ये एकत्रित आढावा घेतला गेला, त्यात ॲनोरेक्सियाच्या रुग्णांचा मृत्युदर अपेक्षेच्या पाचपटींहून अधिक निघाला, आणि त्या मृत्यूंपैकी पाचांतील एक आत्महत्येचा होता. हा मनाचा हट्ट मानून सोडून देण्याचा आजार नाही.

उपचारांचा पाया या राज्यात जुना आहे. देशभर पोचलेल्या जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचा नमुना बंगळूरच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने ऐंशीच्या दशकात याच कर्नाटकातल्या बळ्ळारी जिल्ह्यात तयार केला आणि १९९६ पासून तो कार्यक्रम सुरू झाला. राज्याच्या मनोचैतन्य योजनेखाली तालुका रुग्णालयांत मंगळवारी मनोविकारतज्ज्ञांची सेवा देण्याची व्यवस्था आहे. बिदर आणि कलबुर्गी या दोन्ही शहरांत शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी दिलेल्या निर्देशांनुसार १०० किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने, शिकवणी वर्गांसह, किमान एक पात्र समुपदेशक नेमला पाहिजे. हे निर्देश कागदावर राहू नयेत यासाठी पालकांनी प्रवेश घेतानाच शुल्काच्या पावतीबरोबर समुपदेशकाचे नाव, वेळ आणि भाषा विचारावी. कन्नड आणि इंग्रजीतून विषय शिकलेली मुलगीही आपले दुःख मराठीतच सांगेल, म्हणून भाषेचा प्रश्न या जिल्ह्यांत गौण नाही.

वॉर्डन, प्राध्यापक आणि मेस चालवणाऱ्या बायकांना एक विनंती आहे. हजेरी वर्गात घेतली जाते तशी ती जेवणाच्या वेळीही, गाजावाजा न करता, डोळ्यांनी घ्यावी. सलग काही दिवस ज्याचे ताट वाढले जात नाही त्याच्याशी एकांतात, वजनाचा विषय न काढता बोलावे, आणि गुणांची यादी भिंतीवर लावण्याची प्रथा बंद करावी. ज्या विद्यार्थ्यांना स्वतःच बोलायचे आहे, त्यांच्यासाठी केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केलेली टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे, आणि तिच्या भाषांत कन्नडबरोबर मराठीही आहे.